जेवणाआधी

दुपारचं ताट वाढायच्या आधी वनमाला ओट्याच्या कोपऱ्यात स्पिरिटचा दिवा पेटवायची. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात सहदेवच्या लघवीचे आठ थेंब, आणि नळी धरायला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. औषध उकळायला लागलं की ती नळीवरची नजर हलवायची नाही. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, नारिंगी त्याहून जास्त, आणि विटेसारखं लाल झालं की संपलंच.

"काय रंग इलो?" बाहेरच्या खोलीतून सहदेव विचारायचा.

त्याला स्वतःला रंग दिसत नव्हता. उजवा डोळा तरुणपणीच गेला होता. अंधेरीच्या एका स्टुडिओत तो सुतार होता. सिनेमासाठी राजवाडे उभे करायचे आणि शूटिंग संपलं की पाडायचे, हे त्याचं काम. अशाच एका राजवाड्याची फळी उकलताना ढलपी उडाली आणि डोळ्यात गेली. राहिलेल्या डाव्या डोळ्यावर सगळी नोकरी काढली, लेकीचं शिक्षण केलं. रिटायर झाला आणि त्या डाव्यात मोतीबिंदू उतरला. आता खिडकीकडे तोंड केलं तर उजेड कळायचा, समोर माणूस आहे एवढं कळायचं. कोण आहे ते आवाजावरून.

"नारिंगी," वनमाला म्हणाली.

बाहेर खाट करकरली. तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला असणार, हे तिला न बघता कळलं. तिने नळी मोरीत ओतली, विसळली, दिवा विझवला आणि परातीत भाकरीचं पीठ घेतलं. तिला पीठ मळावंसं वाटत नव्हतं, काहीच करावंसं वाटत नव्हतं. पण माणूस उपाशी कसा ठेवणार?

ट्रस्टच्या हॉस्पिटलातले डोळ्यांचे डॉक्टर भले होते, पण एका गोष्टीला ते हटून बसले होते. "आजी, यांना एकच डोळा आहे," ते म्हणाले होते. "साखर एवढी असताना मी चाकू लावणार नाही. जखम भरली नाही, पू झाला, तर हाही डोळा जाईल. साखर खाली आणा, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करतो." असं म्हणून त्यांनी दोनदा तारीख दिली होती, आणि दोन्ही वेळा रक्ताचा रिपोर्ट बघून परत पाठवलं होतं. दुसऱ्यांदा परत पाठवताना ते जरा चिडलेही. मोतीबिंदू पूर्ण पिकला आहे, आणखी थांबलात तर तो आतल्या आत फुटेल, मग मी काय कोणीच काही करू शकणार नाही, असं म्हणाले. आता तिसरी तारीख होती, गणपती झाल्यावरची.

म्हणजे जोगेश्वरीच्या त्या दोन खोल्यांत आता सगळं त्या नळीतल्या रंगावर येऊन थांबलं होतं.

बरं, पथ्यात काही कसूर होती म्हणावं तर तसंही नव्हतं. साखर, गूळ घरातून हद्दपार झाले होते. चहा बिनसाखरेचा, आणि एकट्यालाच वाईट वाटू नये म्हणून वनमालाही तसलाच प्यायची. बटाटा बंद, केळं बंद. आमरस तर या वर्षी डोळ्यांनीसुद्धा बघितला नव्हता. गोळ्या वेळच्या वेळी. भात बंद केला तेव्हा मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मालवणकडच्या माणसाचा भात काढला तर त्याच्या पानात राहिलं काय? हॉस्पिटलातली पथ्याच्या खोलीत बसणारी मुलगी म्हणाली होती, "भात बिलकूल नाही, भाकरी द्या." वनमालाने घरी येऊन मोठ्या भक्तिभावाने भाकऱ्या थापायला घेतल्या.

त्यावर लेक ऑफिसातून आली आणि तिने डोक्याला हात लावला.

"आई, अगं ही तांदळाची भाकरी!"

"मग? आपल्यात भाकरी तांदळाचीच करतात."

"वाट लागली. अगं, भात बंद आणि तांदळाची भाकरी चालू? ती ज्वारीची म्हणत असणार गं!"

लताला हसू आवरेना. वनमालालाही हसू आलं, पण थोडं उशिरा, आणि ओशाळवाणं. मग शेजारच्या सुंदराबाईकडे जाऊन तिने ज्वारीची भाकरी शिकून घेतली. सुंदराबाई सोलापूरकडची. तिच्या हातात भाकरी आपोआप गोल फिरायची. वनमालाच्या हातात तिच्या चिरफळ्या व्हायच्या.

"अशी चापटू नका, वनमालाताई. पीठ काय रुसलंय व्हय तुमच्यावर?"

"तुमची ज्वारी माका ओळखीत नाय."

"ओळखंल. गरम पाण्यात मळा, अन् तळहातानं रेटा. जोर लावा की! मासं साफ करताना बरा लावता."

हळूहळू ज्वारी ओळखू लागली. सहदेव ती भाकरी निमूटपणे खायचा. अर्धी खायचा आणि ताट सरकवायचा. घास घशाखाली उतरत नाही म्हणायचा. दिवसेंदिवस त्याचे गाल आत चालले होते, सदऱ्याच्या गळ्यातून खांद्याचं हाड दिसायला लागलं होतं. ते बघितलं की वनमालाचा जीव तुटायचा. मग आपल्या परीने ती भरून काढायची. सकाळी दहाच्या सुमाराला वाडगाभर पेज, मीठ घालून, बरोबर लिंबाच्या लोणच्याची फोड. गावाकडे तापातल्या माणसाला दुसरं काय देतात? बाळंतिणीला काय देतात? पोट बिघडलं, अंग मोडलं, तोंडाची चव गेली, सगळ्यावर पेज. भाकरी अर्धीची पाव झाली तशी पेज जरा दाट झाली. त्याचे गाल आणखी आत गेले तसा संध्याकाळचाही एक वाडगा सुरू झाला. तेवढं एक तो आवडीने घ्यायचा. वाडगा दोन्ही हातांनी धरायचा, आधी वास घ्यायचा, आणि शेवटची शितं बोटाने निपटून खायचा. दिवसभरात वनमालाला बरं वाटायचं ते तेवढ्याच वेळात.

हॉस्पिटलात उपाशीपोटी रक्त द्यायला जायचं होतं तेव्हाही निघण्यापूर्वी तिने त्याला पेज पाजली होती. उपाशीपोटी म्हणजे काही खायचं नाही. पण एवढ्या अशक्त माणसाला पोटात पेजसुद्धा नसताना बसमध्ये कसं चढवायचं?

त्या नारिंगी रंगाच्या रात्री जेवताना लता म्हणाली, "बाबा, खरं सांगा. बाहेर काही खाता का?"

सहदेवने मान वर केली. "काय खातंय?"

"ते मला काय माहीत! रोज चारला काठी घेऊन निघता, ते सहाला येता. नाक्यावर जिलबीवाला बसतो."

"लता," वनमाला म्हणाली. पण ती दटावणी नव्हती, आणि हे तिघांनाही कळलं. कारण तोच प्रश्न वनमालाच्या मनात कितीतरी दिवस घोळत होता. घरात तर ती कणभर गोड ठेवत नव्हती. मग ही साखर येते कुठून? आभाळातून पडते?

"तुकाय तसाच वाटता?" सहदेवने तिच्या दिशेने तोंड केलं.

वनमालाने त्याच्या ताटात भाजी वाढली.

"रवळनाथाशपथ सांगतंय. चोरून काय एक खावक नाय मी."

तो गावाकडच्या देवाची शपथ कधी घेत नसे. आज घेतली, तर वनमालाला वाटलं, शपथेपर्यंत आला म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. माणूस दमला की असलंच उलटं डोकं चालतं. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने तिला कधी फसवलं नव्हतं. बिडीसुद्धा सांगून ओढली होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो निघाला, तशी तीही चपला घालून मागून निघाली. स्वतःचीच लाज वाटत होती. तो भिंतीला हात लावत, काठी आपटत, हळूहळू चालला होता. गल्लीतली माणसं त्याला वाट देत होती आणि तिला मागून येताना बघून हसत होती. "काय वहिनी, पाळत काय?" कुणीतरी म्हणालं. तिने पदर तोंडाला लावला.

जिलबीवाल्यापाशी तो थांबला नाही. वडेवाल्यापाशी थांबला, पण समोरून हातगाडी येत होती म्हणून. मग वळला तो धोंडिरामच्या लाकडाच्या वखारीत. तिथे ओंडक्यावर बसला. करवत चालू होती, भुसा उडत होता. त्याने मूठभर भुसा उचलून नाकाशी नेला.

"शिवणीचा लाकूड काय रे ह्या?"

"बरोब्बर!" आतून धोंडिराम ओरडला. "काका, डोळे नाहीत ते बरंय. असते तर माझ्या लाकडात हजार खोड्या काढल्या असत्या. चहा घेणार?"

"नको. साखर असता."

"आज एक दिवस घ्या हो, कोण बघतंय?"

"नको सांगितलंय मा तुका," सहदेव म्हणाला आणि पुन्हा भुशात हात घातला.

वनमाला पलीकडच्या गल्लीने घरी आली. चोर नव्हता, याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, दाराशी येईपर्यंत टिकला. मग ती उंबऱ्यावरच बसली. तो चोर असता तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं आणि ती दचकली. पण खरंच होतं ते. चोर असता तर चोरी थांबवता आली असती. आता कुणाला थांबवायचं? नशिबाला?

तो सहा वाजता आला. तिने त्याला पेज दिली, जरा जास्तच दाट.

पुढच्या शनिवारी मुलुंडहून निरोप आला, की तिच्या बहिणीला, सुगंधाला, पडून मार लागला आहे. वनमाला एका रात्रीसाठी गेली. जाताना लताला शंभर सूचना दिल्या: गोळ्या कुठे, भाजी कशी, भाकरी सुंदराबाई देईल, जेवणाआधी नळी तपासायची विसरू नकोस. पेजेचं सांगायचं राहिलं. ते काय सांगायचं, असं वाटलं असेल, किंवा घाईत सुचलंच नसेल.

रविवारी संध्याकाळी ती परत आली, तर लता दारातच उभी.

"आई! हिरवा!"

"काय हिरवा?"

"रंग गं! नारिंगी नाही, पिवळा नाही, चक्क हिरवा! मी दोनदा केलं, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं."

सहदेव खाटेवर बसला होता. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. "लताच्या हाताक गुण आसा," तो म्हणाला.

"बघ, तू घरात नव्हतीस तर बाबांची साखर गेली!" लता हसत म्हणाली. "तूच त्यांची साखर आहेस. जा परत मुलुंडला, ऑपरेशन होईपर्यंत राहा."

तिघंही हसले. वनमालाने पिशवी खाली ठेवली, पाय धुतले, चहा टाकला. आणि चहा उकळताना बघत असताना ते लेकीचं थट्टेचं बोलणं तिच्या आत कुठेतरी जाऊन बसलं. मी घरात नव्हते तर साखर गेली.

"काय काय जेवलात गो तुम्ही?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काय असणार? सकाळी चहा. मी उशिरा उठले, रविवार ना. मग डायरेक्ट जेवण. सुंदरामावशीची भाकरी, दोडक्याची भाजी, डाळ. बाबांनी अख्खी भाकरी खाल्ली, बोल! भूक लागली होती म्हणे."

वनमालाने गॅस बंद केला. शेल्फावर उकड्या तांदळाचा डबा होता. गेल्या महिन्यात पुतण्या लवूने गावाहून आणलेले तांदूळ, लालसर, जाडे. तिने झाकण उघडलं आणि बघत राहिली. मूठभर हातात घेतले. तांदूळ. याला दुसरं काय म्हणणार? पाण्यात घातला, पातळ केला, मीठ घातलं, आणि त्याला पेज म्हटलं, तर तो तांदूळ नव्हता का? भाकरीच्या वेळी लता एवढी हसली होती, तेव्हाही तिच्या डोक्यात हे आलं नव्हतं. पेज जेवणात धरायचीच नसते. तिच्या आईने धरली नव्हती, सासूने धरली नव्हती. पेज म्हणजे आजाऱ्याचं औषध.

ती रोज जेवणाआधी नळी तपासत होती. आणि रोज त्याच्या दोन तास आधी त्याला भरवत होती.

त्या रात्री ती कुणाला काही बोलली नाही. सकाळी दहा वाजले. सहदेव नेहमीप्रमाणे खाटेच्या कडेला येऊन बसला, हात मांडीवर ठेवून. तिने त्याच्या हातात पेला दिला.

त्याने वास घेतला. "ताक?"

"हां. जिरा घातलंय."

"आणि पेज?"

"तांदूळ संपले."

लवूने पोतंभर तांदूळ आणले होते. ते उतरवून घ्यायला सहदेव स्वतः दारात उभा होता. त्याने ताक पिऊन टाकलं, पेला खाली ठेवला, आणि काही विचारलं नाही.

बारा वाजता तिने दिवा पेटवला. औषध उकळलं. निळं होतं, मग कडेने हिरवट झालं, आणि तिथेच राहिलं.

"काय रंग?"

तिने दिवा विझवला, बाहेर आली आणि खाटेजवळ खालीच बसली.

"हिरवो," ती म्हणाली. "पेजच होती ती. मीच घालत होतंय तुमका साखर, दोन-दोन वाडगे. आणि शपथ तुमच्याकडून घेतली."

बोलताना तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. रडायलासुद्धा अंगात काही असावं लागतं.

सहदेवने घसा साफ केला.

"माका वाटला होता," तो म्हणाला.

"काय?"

"दुसऱ्यांदा परत धाडल्यान ना, तेव्हा. बसमध्ये माझ्या मनात इला, पेज म्हणजे तांदूळच मा तो."

वनमाला त्याच्याकडे बघत राहिली. "मग बोलाक नाय कित्याक?"

"बोललो असतंय तर बंद केली असतीस."

"अहो, डोळो जायत होतो तुमचो!"

"होय," तो म्हणाला. "पण सगळाच गेला होता गो. भात गेलो, गोड गेला, काम गेला. दहा वाजले की तू ती घेऊन येय. मी म्हटलं, आसांदे. साखर तिचीच नसात." त्याने हात पुढे करून तिचं डोकं चाचपलं. "शपथ खोटी नाय हां घेतली. चोरून खाल्लंय नाय. तुझ्या हातचाच खाल्लंय."

तिला त्याचा राग आला, असा की उठून दोन शब्द सुनवावेत. स्वतःचा राग यावा तेवढा आलाच होता, त्यात हा. पण सुनवायचं तरी काय? म्हाताऱ्या माणसाला भूक लागत होती आणि ती शमवताना दोघांनाही बरं वाटत होतं. ती उठली आणि भाकरीचं पीठ घ्यायला आत गेली.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. पेज सुटली म्हणून साखर एकदम निळी झाली असं नाही. कधी हिरवी, कधी पुन्हा पिवळसर. सहदेव चिडचिडा झाला. दहाच्या ताकाला "पाणीच मा ह्या" म्हणायचा. एकदा पेला सांडला, मुद्दाम की चुकून ते तिने विचारलं नाही. पण भूक लागू लागली तशी भाकरी पोटात जाऊ लागली. सुंदराबाईने मुगाची उसळ शिकवली, मेथी घालून पिठलं शिकवलं. "आता तुमच्या भाकरीला माझ्या सासूनंबी नावं ठेवली नसती," ती म्हणाली, "अन् ती देवालाबी नावं ठेवायची." या वेळी गणपतीच्या मोदकांचा वासही घरात नको म्हणून वनमालाने नैवेद्य लताबरोबर तिच्या काकांकडे पाठवून दिला.

तिसऱ्या तारखेला तो खरोखरीच्या उपाशीपोटी गेला. बसमधून उतरताना त्याचे पाय लटपटत होते आणि वनमालाने त्याला कमरेला धरलं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, परत बघितला.

"अरे वा. काय केलंत, आजी?"

तिच्या तोंडावर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे सगळं सांगावं लागणार, बाहेर रांग केवढी, आणि तिला उभं राहवत नव्हतं.

"पथ्य," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. नीट झालं, असं नर्स म्हणाली. पट्टी सुटेपर्यंत दिसतं की नाही ते कळणार नव्हतं, पण डॉक्टर समाधानी होते. सहदेव डोळ्यावर जाड पट्टी बांधून उताणा पडला होता. हलायचं नाही, खोकायचं नाही. वॉर्डात ओळीने अशीच माणसं पडली होती. वनमाला स्टुलावर बसली होती. तिने आदल्या रात्रीपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

दुपारी गाडा आला. वाढणाऱ्या बाईने न विचारता प्रत्येक खाटेशी एक ताट ठेवलं. वरण, भोपळ्याची भाजी आणि मधोमध पांढऱ्या भाताचा डोंगर. वर वाफ.

"ओ बाई, यांना साखर आहे," वनमाला दबक्या आवाजात म्हणाली.

"मग तुम्ही खा, मावशी," बाई म्हणाली आणि गाडा पुढे ढकलला.

वनमालाने पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी आणि उसळीचा डबा काढला. भाकरीचा तुकडा मोडून, उसळ लावून, त्याच्या तोंडाशी नेला. त्याने तोंड उघडायच्या आधी नाकाने हवा ओढली.

"भाताचो वास येता."

"शेजारच्या खाटवरचो."

"काय गरम आसा."

"बोलू नका. हलायचा नाय सांगितलंय."

तो सावकाश चावत राहिला. तिने एका हाताने त्याला दुसरा घास दिला, आणि दुसऱ्या हाताने, चमच्याचा आवाज होऊ न देता, वरणभात कालवला. पहिल्याच घासाला तिला कळलं की आपल्याला किती भूक लागली होती. ती भराभर खाऊ लागली. त्याचा घास संपला की तेवढ्यापुरती थांबायची, भाकरी मोडायची, परत आपल्या ताटाकडे वळायची.

"वनमाला," तो थोड्या वेळाने म्हणाला.

"हां."

"जेव गो सावकाश. ठसको लागात."